बहाद्दर आणि तीन मजली केक

मी बायकोचं ऐकत नाही, असं आमच्या सासूबाई चारचौघांत सांगतात. ते साफ खोटं आहे. मी तिचं सगळं ऐकतो. ऐकलेलं दाराबाहेर पडेपर्यंत टिकत नाही, एवढंच.

आता गाडीचंच बघा. गाडी घ्यायची ठरली ती बायकोच्या केकसाठी. ती घरी केक करते. आधी नातेवाइकांच्या वाढदिवसांना करायची, मग शेजाऱ्यांच्या, मग शेजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या. हळूहळू घरभर केकचा वास सुटला आणि माझं पोट सुटलं. केक पोचवायला ती स्कूटर काढायची. मागे सासूबाई, सासूबाईंच्या मांडीवर केकचा डबा आणि डब्याच्या झाकणावर सासूबाईंची हनुवटी. दोन मजली केक असला की हनुवटी टेकायला आकाशाकडे बघत बसावं लागायचं. एकदा त्यांची मान तशीच राहिली, तेव्हा त्यांनी निर्वाणीचं सांगितलं, "आता गाडी घ्या, नाहीतर मला घ्या तुमच्या त्या डब्यात."

बायकोनं मला समोर बसवलं. "हे बघा, छोटी गाडी हवी. बंद हवी, म्हणजे धूळ नको. मागे सपाट जागा हवी. आणि मऊ चालली पाहिजे. चालवणार मी आहे, तेव्हा मला आवडेल अशीच घेऊ आपण. मी उद्या ऑर्डरीत अडकले आहे, तुम्ही नुसती बघून या."

नुसती बघून या! एवढंच झालं हो. जगातल्या मोठमोठ्या लढाया अशाच सुरू झाल्या असणार. कुठल्यातरी सेनापतीनं कुणालातरी सांगितलं असेल, जरा बघून ये.

मी नकाशा खात्यात हेडक्लार्क आहे. डोंगर, दऱ्या, नद्या, घनदाट जंगलं, सगळं माझ्या टेबलावरून जातं, गुंडाळी करून. इतकी वर्षं डोंगरांवर शिक्के मारले, पण डोंगर एकही चढलो नाही. (ऑफिसचा जिना चढतो, पण मधल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवून घेतली आहे.) अशा माणसाच्या मनात काय काय साठलेलं असतं, याची घरच्यांना कल्पना नसते.

माझ्या शेजारच्या टेबलावर डिझेल बसतो. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येतं. गाड्यांचा विषय निघाला की तो थांबत नाही आणि बोलताना सारखा खोकतो, म्हणून डिझेल. मी त्याला म्हटलं, "एक छोटी गाडी बघायची आहे. बंद. मऊ."

"साहेब," डिझेल म्हणाला, "गाडी घ्यायची आहे की गादी?"

आणि त्यानं ड्रॉवरमधून एक जाडजूड पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. रानावनात, डोंगरदऱ्यांत चालणाऱ्या दणकट गाड्यांचा इतिहास, भरपूर चित्रांसकट. त्या दिवशी ऑफिसचं काम असं झालंच नाही.

काय तो इतिहास! या गाड्या मुळात लढाईसाठी जन्मल्या. सैन्याला घोड्याच्या जागी असं काहीतरी हवं होतं की जे चिखलात रुतणार नाही, रुतलंच तर जवानांना उचलून बाजूला ठेवता येईल आणि जे दाणावैरण मागणार नाही. म्हणून इंजिनाची ताकद चारही चाकांना दिली. दारं नाहीत, काचा नाहीत, छप्पर म्हणजे ताडपत्री. बॉनेट असं सपाट, की त्याच्यावर नकाशा पसरून साहेब लोक उभे आहेत असं एक चित्र होतं. माझ्या अंगावर काटाच आला. नकाशा! म्हणजे माझं खातं!

लढाई संपली, जवान घरी गेले, गाड्या उरल्या. त्या शेतकऱ्यांनी नेल्या आणि नांगराला जुंपल्या. कुणी इंजिनाला पट्टा लावून लाकडं कापली, कुणी पाणी उपसलं. दुसरीकडे एका साहेबानं समुद्रकाठच्या वाळूत काठीनं गाडीचं चित्र काढलं आणि त्यातून एक नवीनच गाडी जन्माला आली. पोलादाचा तुटवडा होता म्हणून तिचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, आणि रंग विमानांसाठी आणलेला, उरलासुरला हिरवा. पहिल्या नमुन्यात तर स्टिअरिंग मधोमध! डावीकडून चालवायची की उजवीकडून, हा वादच नको म्हणून. (आमच्या घरात बायको आणि सासूबाई यांच्या मधोमध मला असाच बसवला आहे. त्या नमुन्याचंही पुढे काही झालं नाही म्हणतात.) मग डॉक्टरांनी घेतल्या, जंगलखात्यानं घेतल्या, आणि शेवटी ज्यांना फुटपाथपेक्षा उंच काही चढायचं नसतं अशा शहरातल्या लोकांनीही घेतल्या.

"त्यांनी का घेतल्या रे?" मी विचारलं.

डिझेल दोनदा खोकला. "साहेब, अशी गाडी दारात उभी असली ना, की माणसाला वाटतं, आपण पाहिजे तेव्हा उठून पाहिजे तिकडे जाऊ शकतो. जात कुणीच नाही. पण वाटतं!"

हे वाक्य मला वर्मी लागलं. संध्याकाळी मी डिझेलच्या ओळखीच्या एका रिटायर्ड सर्व्हेअरच्या दारात उभा होतो.

गाडी अंगणात होती. हिरवी, चौकोनी, गुडघ्याएवढी चाकं, मागे पाठीला बांधलेलं पाचवं चाक. म्हातारा मला शेजारी बसवून म्हणाला, "हा मोठा गिअर, नेहमीचा. आणि हा त्याच्या बाजूचा छोटा. चिखल लागला, खडा चढ लागला, की हा असा पुढे ढकलायचा. मग गाडी मुंगीच्या पावलानं चालते, पण भिंतसुद्धा चढेल. एरवी त्याला विसरून जायचं."

असं म्हणून त्यानं छोटा गिअर पुढे ढकलला, आणि अंगणातल्या मातीच्या ढिगाऱ्यावर आम्ही अलगद चढलो. मी वरून जग बघितलं! (जग म्हणजे पलीकडची पाण्याची टाकी आणि म्हाताऱ्याचं वाळत घातलेलं धोतर.) खाली उतरलो तो मालक होऊनच. बहाद्दर हे नाव मी तिथल्या तिथे ठेवलं.

नोकरीत मी एक गोष्ट शिकलो आहे. जाणत्या माणसानं सांगितलेलं जसंच्या तसं पाळायचं. म्हातारा म्हणाला होता, एरवी छोट्या गिअरला विसरून जायचं. ढिगाऱ्यावरून उतरताक्षणीच मी त्याला विसरून गेलो.

घरी पोचायला बराच वेळ लागला. इंजिनाचा आवाज मात्र आमच्या आधी पोचला असावा, कारण बायको आणि सासूबाई दारातच उभ्या होत्या. बायकोच्या कोपरापर्यंत क्रीम होतं.

"हे काय आहे?"

"गाडी."

"कुणाची?"

"आपली."

"नुसती बघून या म्हटलं होतं ना?"

"अगं, बघितली ना. बघितल्याशिवाय घेईन का मी?"

सासूबाईंनी बहाद्दरला एक प्रदक्षिणा घातली. "जावईबापू, युद्ध कुठे लागलंय?"

"मी बंद गाडी सांगितली होती," बायको म्हणाली.

"ताडपत्री आहे की. बटणं लावली की बंद."

"आणि मऊ?"

मी कौतुकानं बॉनेटवर एक थाप मारली. हात चांगलाच झिणझिणला. "मजबूत आहे," मी हात खिशात घालत म्हणालो.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पायरीवर बसली. "पुढच्या महिन्यात टेकडीवरच्या हॉटेलचा केक आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मालकांच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस. तीन मजली. तो नीट पोचला तर हॉटेलचं रोजचं काम मला देणार आहेत. त्यासाठी गाडी हवी होती हो मला. आणि तुम्ही हा रणगाडा आणून उभा केलात."

मला खरंच वाईट वाटलं. अगदी आतून वाटलं. पण मला वाईट वाटलं की मी गप्प बसत नाही, उलट जास्त बोलतो. मी म्हणालो, "तू काळजीच करू नकोस. तुझा केक मी पोचवतो. याच गाडीतून."

"चालवणार मी होते."

"ही? छे छे! ही तुला नाही झेपायची."

हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. बायकोनं ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बहाद्दरमधून ऑफिसला जायला लागलो. काय त्याची ऐट! इंजिन असं गर्जायचं की चौकातले लोक घाबरून रस्ता सोडून उभे राहायचे. मग बराच वेळ वाट बघून कंटाळायचे आणि आपापल्या कामाला जायचे. वळताना चाकं कुरकुर करायची, स्टिअरिंगशी मला कुस्ती खेळावी लागायची, पण मी म्हटलं, हे जातिवंत जनावर आहे, सहजासहजी थोडंच वळणार? भाजीवाला हातगाडी ढकलत मागून आला आणि "जरा बाजूला घेता का, साहेब?" म्हणाला, तरी मला काही वाटलं नाही. पळणं हलक्या गाड्यांचं काम. बहाद्दर चालतो.

आमच्या शेजारी एक रिटायर्ड मास्तर राहतात. ते सकाळी फिरायला निघायचे आणि बहाद्दरच्या कडेला हात ठेवून माझ्याशी बोलत बोलत चालायचे. एके दिवशी त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सुरुवातीपासून टाक्यांपर्यंत सांगितली, आणि कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, "बरं, तुम्ही या सावकाश. मी होतो पुढे." नव्या गुडघ्यानं ते खरोखरच पुढे झाले.

"काय साहेब, पळते कशी?" डिझेल विचारायचा.

"शांतपणे," मी म्हणायचो.

संध्याकाळी बायको ओट्याशी उभी राहून साखरेची फुलं करायची आणि मी समोर बसून तिला डिझेलचं पुस्तक वाचून दाखवायचो. तिला बहाद्दरबद्दल माया वाटावी, एवढाच हेतू. इतिहास झाला, इंजिन झालं, गिअरांची तर आकृत्यांसकट दोन पारायणं झाली. ती "हं" म्हणायची. फायली वाचून वाचून मला एक कसब आलं आहे. मी खणखणीत आवाजात, एकही शब्द न गाळता वाचतो, पण त्यातलं अक्षरही माझ्या डोक्यात शिरत नाही. नाहीतर इतकी वर्षं सरकारी फायली कोण वाचू शकेल?

रविवारी मी हट्टच धरला, की एकदा सरावाचा केक बहाद्दरमधून नेऊन बघू. बायकोनं साधा दोन मजली केक केला आणि तो घेऊन ती मागे बसली. मी क्लच सोडला. बहाद्दरनं एक हिसका दिला. मी दचकून ब्रेक दाबला, त्यानं दुसरा दिला. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि केक, सारखे माना डोलवत होतो. शेवटच्या हिसक्याला वरचा मजला बायकोच्या केसांत गेला. मी धावत जाऊन मागची फळी उघडली, तर खालचा मजला थाळीसकट घसरत आला, तो थेट माझ्या पोटावर येऊन टेकला आणि तिथेच थांबला. तेवढा मात्र शाबूत राहिला. कुठे साधी चीर नाही.

सासूबाई दारातून बघत होत्या. "चला," त्या म्हणाल्या, "त्या पोटाचं एकदाचं सार्थक झालं."

बायकोनं केसांतलं क्रीम पुसलं आणि निर्णय दिला. हॉटेलचा केक भाड्याच्या व्हॅननं जाईल. तुम्ही आणि तुमचा बहाद्दर घरी बसा.

हॉटेलच्या केकवर दोघी मायलेकी कितीतरी दिवस खपत होत्या. तीन मजले, पांढरंशुभ्र आयसिंग, आणि वरच्या मजल्यापासून तळापर्यंत उतरत आलेली साखरेच्या फुलांची एकच एक वेल. वेल अखंड, म्हणून केक सुटा करून नेता येणार नव्हता. तो जसा उभा होता तसाच जायला हवा होता. केकभोवती बायकोनं बटर पेपर गुंडाळला, सोडला आणि पुन्हा गुंडाळला. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी तिला इतकी घाबरलेली बघितली नव्हती. (त्या दिवशी घाबरायचं काम माझ्याकडे होतं.)

आदल्या दिवशी पाऊस झाला होता. व्हॅनवाला वेळेवर आला, पण गाडीतून उतरलाच नाही. खिडकीतूनच म्हणाला, "ताई, टेकडीचा रस्ता पाइप टाकायला उकरलाय. नुसता चिखल आहे. पाण्याचा टँकर अडकलाय तिथे. माझी गाडी नाही जायची." आणि गेला की हो तो, तसाच.

बायको केकपाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते केकवर पडू नये म्हणून ती बाजूला झाली.

मी नुसती किल्ली बोटात फिरवली. (ती उडून बरणीमागे पडली, पण मी लगेच शोधली.)

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग आईकडे. "दुसरं काय आहे आपल्याकडे?" ती म्हणाली. "चला."

मागे बायको, दोन्ही हातांनी केक धरून. पुढे मी आणि सासूबाई. सासूबाईंच्या हातात एक जडशीळ पिशवी, तिच्यात जास्तीचं क्रीम, सुऱ्या, ऐन वेळी फूल तुटलं तर दुसरी फुलं. डोलत डोलत आम्ही टेकडीच्या पायथ्याशी आलो, आणि खरं सांगतो, तिथे बहाद्दर बदलला! लालभडक चिखल, गुडघाभर खड्डे, आणि बहाद्दर आपला मुंगीच्या पावलानं, न घसरता, न थांबता वर चाललाय. टँकर कडेला तिरपा होऊन पडला होता. त्याचा ड्रायव्हर तोंड उघडं टाकून आमच्याकडे बघत राहिला.

"बघा!" मी ओरडलो. "बघा सासूबाई! याला म्हणतात गाडी! चारही चाकांना ताकद! घोड्याच्या जागी आणली होती ही सैन्यानं!"

"समोर बघा," सासूबाई म्हणाल्या. "घोडा समोर तरी बघायचा."

पण त्यांच्याही आवाजात कौतुक होतं. पिशवी सांभाळून त्यांचे हात भरून आले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या मोठ्या गिअरशेजारच्या दांडीला पिशवी अडकवली. "एवढी एक खुंटी मात्र कामाची दिली आहे हो यांनी," त्या म्हणाल्या.

हॉटेलचा शेवटचा चढ आला. वर दिवे दिसायला लागले. एका खड्ड्यात चाक गेलं, पिशवी गचकन खाली ओढली गेली, आणि खट्‌ असा आवाज झाला.

बहाद्दर जागच्या जागी थांबला. इंजिन गर्जतंय, मी अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, गिअर टाकलेला आहे, आणि गाडी ढिम्म. ढिम्मसुद्धा नाही. ती हळूच मागे घरंगळायला लागली!

"अहो, केक!" मागून किंकाळी आली.

मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. हँडब्रेक ओढला. गाडी थांबली. सासूबाई उडी मारून उतरल्या (मला पायरी लागते, त्यांना लागली नाही) आणि त्यांनी मागच्या चाकाला दगड लावला. मग परत येऊन विचारलं, "काय झालं?"

"पेट्रोल संपलं असेल," मी म्हणालो.

"मग हे ओरडतंय काय, उपाशीपोटी?"

मागून बायकोचा आवाज आला. शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. "आई, तुझी पिशवी कुठे आहे?"

"ही काय, या खुंटीला."

"अहो, तो छोटा गिअर आहे ना? तो पुढे टाकला की चिखलाचा, मागे ओढला की रस्त्याचा. आणि मधे अडकला की चाकांपर्यंत ताकदच जात नाही. पिशवीनं मधे ओढलाय तो."

"तुला काय माहीत?"

"तुम्हीच वाचून दाखवलंत. मोठ्यानं. दोनदा."

"मी?"

"थांबा," बायको म्हणाली. "पिशवीनं तो मधे आणला. म्हणजे त्याआधी तो पुढे होता. चिखलाच्या जागी."

"असेल."

"तुम्ही आज टाकलात?"

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसली.

"काल टाकलात? मग कधी टाकलात?"

"मी नाही टाकला," मी शेवटी म्हणालो. "त्या म्हाताऱ्यानं टाकला होता. ढिगाऱ्यावर चढताना. मग म्हणाला, विसरून जा."

सासूबाईंनी खुंटीवरची पिशवी काढून पोटाशी धरली. मग म्हणाल्या, "म्हणजे तो भाजीवाला..."

"हो."

"आणि मास्तर, नव्या गुडघ्यानं..."

"हो, सासूबाई."

आणि त्या दोघी हसायला लागल्या. सासूबाई पिशवी पोटाशी धरून हसत होत्या. बायको मागे केक धरून हसत होती, हसता हसता रडत होती, आणि मधेच ओरडत होती, "आई, मला हसवू नकोस गं, वेल हलतेय!" इतक्या दिवसांचा तिचा राग मी त्या हसण्यात वाहून जाताना ऐकला. त्यामुळे मला बरंही वाटलं, आणि जमिनीत गडप व्हावंसंही वाटलं. चिखल होताच तिथे, अवघड नव्हतं.

"उतरा," बायको म्हणाली.

"अगं, पण ही तुला नाही..."

"काय नाही?"

मी उतरलो.

जागांची अदलाबदल झाली. मी मागे जाऊन फतकल मारून बसलो, दोन्ही पाय केकच्या बाजूंनी पसरले, हात त्याच्याभोवती घातले आणि तो छातीपोटाशी घट्ट धरला. पुढे बायकोनं ब्रेक दाबून सासूबाईंना दगड काढायला सांगितला, त्या येऊन बसल्यावर पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि छोटा गिअर एका हातानं पुढे ढकलला. मी डोळे मिटून हिसक्याची वाट बघत बसलो. हिसका आलाच नाही. बहाद्दर असा उचलला गेला, जसं झोपलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं. (म्हणजे इतके दिवस हिसके गाडीचे नव्हते. ते माझ्या पायाचे होते. हे मी तिला सांगितलं नाही. तिनंही मला सांगितलं नाही, पण आरशातून एकदा बघितलं.)

हॉटेलच्या दारात केक उतरवला. मालक स्वतः बाहेर आले. बायकोनं बटर पेपर सोडवायला घेतला आणि मी मजले मोजायला लागलो. पहिला मजला शाबूत. दुसरा शाबूत. वेल अखंड, एक पाकळी हललेली नाही. आणि मधल्या मजल्यावर, बरोबर दर्शनी भागात, एक छोटीशी गोल खूण. अगदी रेखीव. मधे चार ठिपके.

मी माझ्या शर्टाकडे बघितलं. बरोबर बेंबीच्या वरचं बटण.

बायकोनं पण बघितलं. सासूबाईंनी पण. मालक मात्र वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "वा! एवढ्या मोठ्या वेलीतून निसटलेलं हे एकच छोटं फूल! किती साधं, किती मोजकं! हे तुम्हाला कसं सुचलं?"

"ते यांच्याकडचं काम आहे," बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. तिचा चेहरा लालेलाल झाला होता.

"तुम्ही पण कलाकार आहात?" मालकांनी माझा हात हातात घेतला.

"जन्मजात," सासूबाई म्हणाल्या.

हॉटेलचं रोजचं काम बायकोला मिळालं. एका अटीवर, की प्रत्येक केकवर ते छोटं फूल पाहिजे. त्यामुळे तो शर्ट आता माझा राहिलेला नाही. तो साच्यांच्या फडताळात असतो, इस्त्री करून. हॉटेलला जायच्या वेळी मला देतात आणि परत आलो की काढून घेतात.

बहाद्दर रोज सकाळी टेकडी चढतो. चालवते बायको. शेजारी सासूबाई, पिशवी मांडीवर. सपाट रस्ता लागला की तो असा पळतो की मास्तर लांबूनच गुडघा उचलून सलाम करतात. आणि मी मागे, पाय पसरून, केक कवटाळून. ताडपत्रीच्या फटीतून डोंगर दिसतात अधूनमधून, सगळे उलट्या दिशेनं जाणारे.

परवा चढ संपल्यावर मी धीर करून विचारलं, "काय गं, कशी आहे शेवटी गाडी? तुला मऊ हवी होती ना?"

बायकोनं एका बोटानं छोटा गिअर मागे ओढला आणि आरशात माझ्याकडे बघून गोड हसली. "गाडी आहे तशीच आहे हो," ती म्हणाली. "मऊ भाग तेवढा घरातच होता, तो मागे बसवून घेतला."